म्हशीला येणारं इंग्रजी

इंग्रजी कसं शिकवायचं हे मला जळगावात दहा दिवसांत शिकवण्यात आलं. त्याआधी शाळेत आणि डी.एड.ला मिळून नऊ-दहा वर्षं मी ते शिकत होते आणि तरीही मला ते येत नव्हतं, पण या गोष्टीची चौकशी त्या दहा दिवसांत कोणीही केली नाही. सरकारने पहिलीपासून इंग्रजी आणलं होतं, आता ते कोणीतरी शिकवायला हवं होतं, इतकाच मामला. आम्ही साठेक जण एका हॉलमध्ये सतरंज्यांवर बसलो होतो. निम्मे गुरुजी निवृत्तीला टेकलेले, ज्यांचा इंग्रजीशी संबंध औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठीपुरता आलेला. उरलेल्या आम्ही, नुकत्याच नेमलेल्या पोरी, वह्यांना समास आखून तयार. तज्ज्ञ मार्गदर्शकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवायचं, मराठीत अर्थ अजिबात सांगायचा नाही, अर्थ कृतीतून आपोआप उमलतो. हे सगळं त्यांनी आम्हाला मराठीतून सांगितलं. आज मी स्वतः असल्या प्रशिक्षणांना तज्ज्ञ म्हणून जाते. केस पांढरे झाले की आमच्या खात्यात माणूस तज्ज्ञ होतो, वेगळं काही करावं लागत नाही. मीही तेच सांगते, आणि मीही मराठीतूनच सांगते.

मी धुळ्याची. घरात आई अहिराणी बोलायची, वडील कचेरीतलं शुद्ध मराठी, आणि मी समोर कोण आहे ते पाहून. नेमणूक मिळाली ती पार जिल्हा ओलांडून बोदवडच्या बाजूला, केळी आणि कपाशीच्या एका गावात, जिथे दुपारची जीप पोटभर माणसं भरल्याशिवाय हलत नसे. राहायला खोली मिळाली अक्कांकडे. अक्का म्हणजे गावातल्या एका बऱ्या शेतकऱ्याच्या घरच्या कर्त्या बाई. त्यांचे मालक, आबा, दिवसभर केळीच्या मळ्यात असत, मुलगा आणि सूनही तिकडेच, आणि घर, गोठा, आल्यागेल्याची ऊठबस हे सगळं अक्कांच्या हाती. खोलीचं भाडं ठरवताना त्यांनी एकच अट घातली की बाईंनी स्वतःचा स्टोव्ह लावायचा नाही. "आमच्या घरात दोन चुली कशाले? लोकं काय म्हनतीन?" असं म्हणून त्यांनी माझा स्टोव्ह माळ्यावर टाकला, तो तीन वर्षं तिथेच राहिला.

त्या घराची आठवण मला पहिल्यांदा कानांनी येते. पहाटे अक्कांच्या हातांखाली थापल्या जाणाऱ्या भाकरीचा आवाज, मग गोठ्यात बादलीत पडणारी दुधाची धार, मग वीज आली की लांबच्या मळ्यांतून एकदम सुरू होणाऱ्या मोटारी. जेवणात कळण्याची भाकरी, उडीद आणि ज्वारी एकत्र दळलेली, तिच्यावर कच्चं तेल आणि तिखट. रविवारी वरण-बट्टी. मी धुळ्याहून आले तेव्हा माझ्या कमरेवर साडी ठरत नव्हती. पहिल्या वर्षाच्या शेवटी आईने मला स्टँडवर ओळखलं, पण जरा वेळाने. अक्का वाढताना कधीच विचारत नसत. पानावर हात आडवा धरला तर वरून भाकरी टाकत.

या घरात एक नियम होता, बाकी कोणताच नसला तरी चालेल असा. पाहुणा उभा राहता कामा नये. ओळखीचा असो, केळीचा व्यापारी असो, मतं मागायला आलेला असो, अंगणात माणसाचं पाऊल पडलं की घरातल्या सगळ्यांत लहान माणसाने पळत जाऊन पाट मांडायचा, पाण्याचा तांब्या ठेवायचा आणि म्हणायचं, "बसा." सगळ्यांत लहान माणूस म्हणजे काजल, अक्कांची नात, मी सांगतेय त्या वर्षी सहा वर्षांची, माझ्या वर्गातली. "पाहुना उभा राह्यला त घराची लाज जाते," असं अक्का तिला बजावत. काजल हे काम इतक्या मन लावून करी की एकदा तिने वीजबिलाच्या माणसाला तीन वेळा बसवलं होतं.

आता शाळेचं. दोन खोल्या, दोन शिक्षक. एक मी आणि दुसरे हेडसर. हेडसर वाईट नव्हते, फक्त कागदाला भीत. इंग्रजीसाठी सरकारने टेपरेकॉर्डर आणि कॅसेटी पाठवल्या होत्या. त्या खराब होऊ नयेत म्हणून हेडसरांनी कपाटात ठेवल्या आणि कपाटाची किल्ली स्वतःच्या करदोट्याला बांधली. मी दोनदा मागितल्या. "बाई, वाजवल्या आणि बिघडल्या तर उत्तर कोण देणार?" असं ते म्हणाले. परवा मी एका शाळेत गेले होते, तिथे आता भिंतीएवढा टीव्ही आला आहे, त्याच्यावर फुलाफुलांचं कापड घातलेलं आहे आणि वरती कुंकवाचं बोट. परंपरा टिकवायची तर अशी.

कॅसेट नाही म्हणून माझ्याकडे उरली ती कृती. स्टँड अप, सिट डाऊन, कम हिअर, गो बॅक, स्टॉप, टर्न अराउंड. माझी पोरं घरी 'शाया' म्हणत, 'केये' म्हणत, 'कयत नही' म्हणत, त्यांना 'शाळा', 'केळी' आणि 'कळत नाही' हीच मुळी नवी भाषा होती. म्हणजे सहा वर्षांच्या लेकरावर एकदम दोन परक्या भाषा घातलेल्या, आणि दोन्हींच्या तासाला बाईच्या हातात एकच छडी. त्यातली इंग्रजी त्यांना जास्त आवडली, कारण तिच्यात बोलावं लागत नव्हतं, फक्त उठाबसावं लागत होतं. महिन्याभरात माझा वर्ग एका हुकमात उभा राही, एका हुकमात बसे. मला फार अभिमान वाटला. आपण शिकवतोय ती भाषा आहे की कवायत, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. पडला असता तर मी प्रशिक्षणात विचारला असता आणि त्यांनी तो चहाच्या सुट्टीनंतर घेऊ म्हटलं असतं.

पोरांची मात्र एक अडचण झाली. घरी जाऊन हे इंग्रजी बोलायचं कोणाशी? सगळे शब्द हुकमाचे, आणि घरात सगळ्यांत लहान आपणच. आबाला स्टँड अप म्हणावं तर पाठीत धपाटा. तेव्हा पोरांनी आपापला मार्ग काढला. कोणी कोंबड्यांना गो बॅक म्हणू लागलं, कोणी बकरीला कम हिअर. काजलकडे चांदरी होती, कपाळावर पांढरा ठिपका असलेली म्हैस. संध्याकाळी काजल गोठ्याच्या दारात कमरेवर हात ठेवून, हुबेहूब माझ्या आवाजात, चांदरीला शिकवी. चांदरी पाणी पिऊन आली की बसायचीच, ती तिची वेळ होती. काजल बरोबर तो क्षण साधून "सिट डाऊन" म्हणे आणि म्हैस बसे. शिक्षणक्षेत्रात याला यश म्हणतात, मी अशी पुष्कळ यशं पुढे अहवालांत वाचली. गावात बातमी पसरली की अक्कांच्या म्हशीला इंग्रजी येतं. लोक मुद्दाम बघायला येत, आणि काजल आधी त्यांना पाट मांडून बसा म्हणे, मग म्हशीला सिट डाऊन म्हणे.

"बाई, तुम्ही पगार पोरीले शिकवाचा घेता का म्हशीले?" अक्का मला विचारत.

"दोघींना शिकवते, अक्का. म्हैस जास्त लक्ष देते."

अक्का हसत हसत शेणाची पाटी उचलत. त्या घरात मी सुखात होते, हे इथे सरळ लिहून टाकते, कारण पुढचं लिहिताना ते विसरायला होईल.

आता माझं काय अडलं होतं तेही सांगायला हवं. मी शिक्षण सेविका होते. तीन वर्षं मानधनावर शिकवायचं, शेरे चांगले मिळाले तर नोकरी पक्की, नाहीतर आपापल्या घरी. म्हणजे नोकरी मिळाली होती पण लागली नव्हती. धुळ्यात आईने एक स्थळ तयार ठेवलं होतं. मुलाचं दुकान, घरात माणसं भरपूर, आणि सुनेने बाहेर जायचं नाही अशी स्वच्छ अट. फोनवर आई म्हणायची, "पक्की नही व्हयनी ते घर ये. पोरगा चांगला शे, बठ्ठं देखी ठेयेल शे." म्हणजे सगळं बघूनच ठेवलेलं. मी त्या मुलाला पाहिलंही नव्हतं आणि रोज त्याची भीती वाटायची. तिसरं वर्ष सरत आलं होतं आणि इंग्रजीचा शेरा तेवढा राहिला होता. तो द्यायला तालुक्याचे साहेब येणार होते.

आमच्या भागात तपासणी कधी यायची हे सांगायला पंचांग लागत नाही. भरताची वांगी बाजारात आली की तपासणी येते. थंडी पडली, वांगी हातभर झाली, कपाशीच्या वाळक्या काड्या मळ्यात रचल्या गेल्या की साहेबांना एकदम शाळांच्या गुणवत्तेची काळजी वाटू लागते. सकाळी वर्ग बघायचा, दुपारी भरीत खायचं आणि शेरा जेवणानंतर लिहायचा, अशी रीत होती. शेरा जेवणाआधी लिहिल्याचं उदाहरण हेडसरांना माहीत नव्हतं. भरीत कोणाकडे करायचं हा प्रश्नच नव्हता. मी अक्कांकडे राहत होते आणि अक्कांच्या हातचं भरीत तीन गावांत माहीत होतं. हेडसर स्वतः भरतासाठी नावाजलेल्या बामणोदची वांगी घेऊन आले, अशी छातीशी धरून, की टेपरेकॉर्डरसुद्धा त्यांनी तसा धरला नव्हता.

साहेब आले. उंच, शांत, पांढरा सदरा. वर्गात मी छडी न घेता उभी राहिले आणि माझे सहा हुकूम सोडले. पोरं उठली, बसली, वळली, थांबली. साहेबांनी मान हलवली. मग त्यांनी काजलला विचारलं, "व्हॉट इज युवर नेम?" काजलला कळलं की हे इंग्रजी आहे, पण यातला हुकूम कोणता ते कळेना. तिने क्षणभर विचार केला आणि काही राहून जायला नको म्हणून सगळंच केलं. उभी राहिली, बसली, पुन्हा उभी राहून गोल फिरली, साहेबांजवळ गेली आणि परत जागेवर आली. साहेब म्हणाले, "कृती छान आहे." हेडसरांनी कपाळ पुसलं. मीही पुसलं.

दुपारी अक्कांच्या अंगणात पंगत मांडली होती. केळीची पानं, त्यावर मीठ, कांद्याची पात, ठेचा. काड्यांवर भाजलेली वांगी ठेचून त्यात हिरवी मिरची आणि शेंगदाणे पडले होते आणि वरून कढत तेल ओतल्याचा वास दोन गल्ल्यांत पोचला होता. गावातले पाच-सहा जण साहेबांच्या सोबतीला जेवायला होते. साहेब मात्र बसले नव्हते. ते अंगणाच्या कोपऱ्यात, गोठ्याच्या अलीकडे, मोबाइल उंच धरून रेंज शोधत उभे होते. सगळी पानं थांबली होती. आत भाकरी उलटताना अक्कांनी दारातून पाहिलं आणि नुसतं "काजल" म्हणाल्या.

काजल धावली. एका हातात पाट, दुसऱ्या हातात तांब्या. साहेबांच्या पायाशी पाट मांडला, तांब्या ठेवला, फ्रॉक सारखा केला. साहेब इंग्रजी बोलतात हे तिने सकाळी ऐकलंच होतं. तेव्हा तिने त्यांच्या तोंडाकडे पाहत, अगदी स्पष्ट, लाघवी आवाजात म्हटलं, "सिट डाऊन."

तीन वर्षांत माझ्या वर्गातल्या एका मुलाने स्वतःच्या मनाने, कोणी न सांगता, खऱ्या माणसाशी उच्चारलेलं हे पहिलं इंग्रजी. साहेब चक्क हसले. "व्हेरी गुड," म्हणाले आणि बसायला वाकले. गोष्ट इथे संपली असती तर मी हे प्रकरण लिहिलं नसतं. पण पंगतीत गजाभाऊ होते, शाळेच्या समितीचे सभासद, ज्यांना गप्प बसलं की पोटात दुखायचं. ते फसकन हसले, मग बाकीचेही हसले, आणि साहेबांनी अर्ध्यातच थांबून विचारलं की हसायला काय झालं.

"काही नही, साहेब," गजाभाऊ म्हणाले. "ते पोर रोज म्हशीले असंच म्हनते. म्हैस बसते बी."

साहेब पुन्हा सरळ उभे राहिले. मागे चांदरी रवंथ करत बसलेली होती, तिच्याकडे त्यांनी एकदा पाहिलं. रागावले नाहीत, आवाज चढवला नाही. मोबाइल खिशात टाकत मला म्हणाले, "देवरे मॅडम, कोणाशी काय बोलायचं ते शिकवत नाही वाटतं तुम्ही." आणि तसेच उभे राहिले. साहेब बसेनात म्हणून कोणी घास घेईना. भरीत निवायला लागलं. पाटाजवळ काजल अजून हात जोडल्यासारखी उभी होती, साहेब कधी बसतात याची वाट बघत.

हेडसरांनी मला बाजूला घेतलं. "बाई, शेरा अजून व्हायचा आहे. पोरीला माफी मागायला लावा. इंग्रजीत मागू द्या, म्हणजे शिकवणंही दिसेल." माणूस घाबरला की किती हुशार होतो हे मी तेव्हा पाहिलं. मी म्हणू शकले असते की पोरीने काही चूक केलेली नाही, तिने पाहुण्याला बसा म्हटलं आहे, हे साहेबांना एका वाक्यात सांगता येईल, मराठीत. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मला धुळ्याचं ते दुकान दिसलं आणि मी काजलचा हात धरून तिला गोठ्यामागे नेलं.

"म्हण, आय अॅम सॉरी सर."

तिने म्हटलं. पाच वेळा म्हणून घेतलं. पहिल्या दोनदा 'सर' राहून गेलं, तिसऱ्यांदा बरोबर आलं. हे वाक्य आमच्या पुस्तकात फार पुढे होतं. पाचव्यांदा म्हटल्यावर तिने मला विचारलं, "बाई, याचा अर्थ काय?" मी तिला सांगितलं की इंग्रजीचा अर्थ विचारायचा नसतो. प्रशिक्षणातला तो एक नियम मी आयुष्यात तेवढाच नेमका पाळला.

काजलने ते सुरेख म्हटलं. साहेब विरघळले, तिच्या गालाला हात लावला, पाटावर बसले आणि भरीत तीनदा घेतलं. शेरा मिळाला तो असा की इंग्रजी अध्यापनात कृतियुक्त पद्धतीचा प्रभावी वापर, विद्यार्थिनींचे उच्चार स्पष्ट व विनयशील. उच्चार विनयशील कसे असतात ते मला अजून समजलेलं नाही. उन्हाळ्यात माझा कायम झाल्याचा आदेश आला, स्थळ मोडलं, आणि त्या एका कागदावर मी पुढची सगळी वर्षं उभी आहे. काजल कुठे दिली आहे ते मला ठाऊक आहे. नंबरही आहे. मी फोन केलेला नाही.

त्या संध्याकाळी आम्ही नेहमीसारखे चुलीपुढे जेवायला बसलो. आबा, मुलगा, सून मळ्यातून आले होते, दुपारचंच भरीत होतं. काजल अंगात आल्यासारखी सांगत होती की आज ती पूर्ण वाक्य बोलली, साहेबाने गालाला हात लावला. तिने ते वाक्य आबांना म्हणून दाखवलं, आईला म्हणून दाखवलं, माझ्याकडे वळून पुन्हा म्हटलं. अक्कांनी भाकरीवरून हात काढत विचारलं, "चांगलं म्हनते वं. पन अर्थ काय त्याचा, बाई?"

सगळे माझ्याकडे बघत होते. आता खोटं सुचेना. "माझं चुकलं, असं म्हणाली ती साहेबांना," मी म्हटलं.

काजल हसायची थांबली. "माह्यं काय चुकलं?"

अक्कांनी तिच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडेच पाहिलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता, त्या खरंच विचारत होत्या, कारण त्या घरात बाईंनी सांगितलं म्हणजे ते तसंच असायचं. "पाहुन्याले बसा म्हनलं, त चुकलं?"

मी हो म्हणाले.

अक्कांनी माझ्या पानात भाकरी टाकली, मी हात आडवा धरला नव्हता. "बरं, बाई. तुम्ही शिकेल मानूस, तुम्हाले जास्त कयतं," त्या म्हणाल्या, आणि नातीकडे वळून तिला सांगितलं, "उद्यापासून कोनी आलं त पानी ठेव आन आत ये. बोलू नको."